कसला आवाज झाला?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी मंगळवेढ्यातल्या मुलांना पाठांतरापेक्षा प्रश्न विचारायला शिकवलं. म्हणून आजचं व्याख्यान मी एका प्रश्नाभोवती बांधलं आहे. रात्री कुठं धाडकन काही वाजलं तर घरातलं पहिलं माणूस काय म्हणतं? "कसला आवाज झाला?" आवाज किती मोठा झाला हे कुणी विचारत नाही. कसला झाला, हेच विचारतो आपण. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, "कुणाला लागलं का?" आणि सगळं शांत झाल्यावर, चहा घेताना, तिसरा येतो, "आधी कळलं नसतं का?"

या सभागृहात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पुष्कळ मुलंमुली दिसताहेत. तुमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सन असतात, नावं असतात, ठिकाणं असतात. परीक्षा झाली की ती डोक्यातून निघून जातात, कारण त्यांना एकमेकांशी बांधणारं काही नसतं. आज मी तुम्हाला बांधायला एक दावं देतो. मराठीत मोठ्या आवाजांसाठी शब्दांची केवढी श्रीमंती आहे! ढगांचा गडगडाट, विजेचा कडकडाट, समुद्राची गाज, नगाऱ्याचा दणदणाट, वाघाची डरकाळी, शिमग्याची बोंब. कोणता शब्द कशाला लावायचा हे लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. असे तीन-चार शब्द घेऊ आणि प्रत्येकाला ते तीन प्रश्न विचारू.

कडकडाटापासून सुरुवात करतो, कारण तो आपल्या रानातला आहे. वळवाच्या दिवसांत, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, दुपारी आभाळ भरून येतं आणि वीज कडाडते. कसला आवाज असतो तो? विजेचा लोळ ज्या वाटेनं जातो तिथली हवा क्षणार्धात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! एवढी तापलेली हवा फुटल्यासारखी फाकते आणि तो धक्का आपल्या कानावर आदळतो. उजेड आपल्यापर्यंत तत्क्षणी येतो. आवाज मात्र सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. वीज चमकली की मनात अंक मोजायला लागा. नऊ मोजल्यावर गडगडलं, तर वीज तीन किलोमीटरवर पडली. तिसाच्या आत गडगडलं, तर रानात थांबू नका, पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर मुळीच उभं राहू नका. बांधावरचं एकटं उंच झाड म्हणजे विजेला दिलेलं बोलावणं असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप त्यासाठीच काढलं आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा ते देतं. ज्यांच्या घरचं माणूस रानात जातं, त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायला हवं.

उजेड आधी आणि आवाज मागून, ही साधी गोष्ट माहीत नसली तर काय होतं? 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराच्या आभाळात एक उल्का फुटली. सूर्यापेक्षा लखलखीत प्रकाश पडला. लोक कामं सोडून खिडक्यांशी धावले आणि आभाळातली धुराची रेघ बघत उभे राहिले. धक्का यायला दोनेक मिनिटं लागली. तो आला तेव्हा हजारो खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि सुमारे 1,500 माणसं जखमी झाली, बहुतेक सगळी काचांनी. आभाळानं इशारा आधी दिला होता. ज्याला तीन सेकंदांचा हिशेब ठाऊक असता, तो खिडकीपासून दूर झाला असता.

या कडकडाटाचं नाव माणसानं आपल्या तोफांनाही दिलं. झाशीच्या किल्ल्यावर आजही 'कडक बिजली' तोफ आहे. 1858 च्या वेढ्यात राणी लक्ष्मीबाईंचे तोफची गुलाम गौस खान यांच्या हाताखाली ती किल्ला लढवत होती. त्या वेढ्यात शहराच्या आत एक मराठी माणूस अडकला होता, वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेला हा भिक्षुक, तोफगोळ्यांखाली दिवस काढून परत आला आणि त्यानं 'माझा प्रवास' लिहिला. 1907 साली तो छापला गेला. वेढ्यातल्या सामान्य माणसाच्या घरात काय चाललं होतं हे कळायला मराठीत त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही. तोफेचं नाव लक्षात ठेवा, पण ती वाजत असताना घरात बसलेला माणूसही लक्षात ठेवा.

आपल्या शेजारी, विजापूरला, मुलूखमैदान तोफ आहे. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. अहमदनगरच्या निजामशाहीत 1549 साली मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिरानं ती ओतली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडला आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. 1632 साली तिथून विजापूरला नेली. परांड्याहून विजापूर! बैलांच्या बळावर, भीमा ओलांडून, आपल्याच काळ्या रानांच्या मुलखातून 55 टनांचं धूड ओढून नेलं त्या काळच्या लोकांनी. पुढच्या वेळी गेलात तर तिला बोटांच्या पेरांनी हलकेच वाजवून बघा. घंटेसारखा नाद येतो. यात नवल नाही. तांबं आणि कथील यांच्या ज्या मिश्रणातून देवळातली घंटा होते, त्यातूनच ही तोफ ओतली आहे. 1854 साली इंग्रज अमदानीत ती लिलावात अवघ्या 150 रुपयांना गेली होती. एका अधिकाऱ्यानं तो लिलाव रद्द केला म्हणून आज ती बुरुजावर आहे.

तोफांचा आवाज मंगळवेढ्याला नवा नाही. 1665 च्या डिसेंबरात मिर्झाराजे जयसिंहांच्या विजापूर मोहिमेत शिवाजी महाराज या भागात होते, आणि आपला भुईकोट तेव्हाच घेतला गेला. तीस वर्षांनी खुद्द औरंगजेब आला आणि इथून हाकेच्या अंतरावर, माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला, 1695 ते 1699 अशी चार वर्षं छावणी टाकून बसला. भीमेच्या काठी चार वर्षं सगळ्या हिंदुस्थानची राजधानी होती! माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाता, तेव्हा जरा त्या काठावर उभे राहा आणि विचार करा, त्या लष्कराच्या तोंडी किती गावांचं धान्य गेलं असेल.

आता स्फोट हा शब्द घेऊ. माणसानं नोंदलेल्या आवाजांत सगळ्यांत लांबवर ऐकू गेलेला कोणता? 27 ऑगस्ट 1883, सकाळी दहाच्या सुमारास इंडोनेशियातलं क्राकाटोआ बेट फुटलं. तो आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला, 4,800 किलोमीटरवर. काश्मीर ते कन्याकुमारीच्या दीडपट अंतर. आवाजाला ते कापायला चार तास लागले. तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला वाटलं, दूर समुद्रात तोफा चालल्या आहेत. हवेतली ती लाट पृथ्वीभोवती अनेक फेऱ्या मारत राहिली आणि जगभरच्या वायुभारमापकांवर तिच्या रेघा उमटल्या. कुणाला लागलं? 36,000 माणसं गेली, पण त्यातली बहुतेक आवाजानं किंवा आगीनं गेली नाहीत. स्फोटानं उठलेल्या समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली. आवाज एकीकडे आणि मरण दुसरीकडून. म्हणून दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच नेटानं विचारायचा असतो.

आपल्या मुंबईचा स्फोट तर त्याहून जास्त शिकवतो. 14 एप्रिल 1944. डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा दिवस म्हणून ही तारीख तुम्हाला पाठ आहे. त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड, वर सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात! ज्याच्या घरी कापूस पिकतो त्यालाही कळेल की हे करू नये. धोक्याचा माल असलेल्या जहाजावर लाल निशाण लावायचं असतं. ते लावलं नव्हतं. दुपारी आग दिसली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. थेट सिमल्यात भूकंपमापकाची सुई हलली. सोन्याच्या विटा दूरवरच्या घरांवर जाऊन पडल्या. शेकडो माणसं गेली, त्यात बंदरातले हमाल आणि कामगार किती गेले याचा पक्का हिशेब कधी लागला नाही. आग विझवताना 66 अग्निशामक जवान गेले. 14 एप्रिलला सुरू होणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो.

पण श्रोतेहो, या स्फोटातली माझ्या मनाला सर्वांत बोचणारी गोष्ट पुढची आहे. लाखो लोकांनी जो आवाज कानांनी ऐकला, त्याची बातमी सरकारनं दाबून धरली. महायुद्ध चालू होतं, बातम्यांवर बंधनं होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली. इथल्या बातमीदारांना ती पाठवायची मुभा मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. "कसला आवाज झाला?" या मुंबईकराच्या प्रश्नाला त्याच्याच शहरात जवळजवळ महिनाभर अधिकृत उत्तर नव्हतं.

सरकारच्या कानाचाच विषय निघाला म्हणून आठवतं. 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकले, ते मुद्दाम रिकाम्या बाकांकडे. बहिऱ्यांना ऐकू जावं एवढाच आवाज करायचा, असं त्यांनी पत्रकातच सांगितलं होतं, आणि पळून न जाता जागीच अटक करवून घेतली. आवाज करणाऱ्यानं त्याची जबाबदारी कशी घ्यायची, ते तिथं पाहा.

एका स्फोटाचं नाव मात्र नुसतं नाव आहे. महास्फोट. विश्वाची सुरुवात एका अतितप्त, अतिदाट अवस्थेतून झाली या सिद्धान्ताला ते नाव मिळालं, आणि देणारे होते फ्रेड हॉइल, त्या सिद्धान्ताचे सर्वांत कडवे विरोधक. 28 मार्च 1949 च्या बीबीसीवरच्या भाषणात त्यांनी तो शब्द वापरला आणि तो जगभर चिकटला. या हॉइल यांचे केंब्रिजमधले शिष्य म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर. मे 2025 मध्ये ते गेले. जगातले बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे झुकले, तरी नारळीकर अखेरपर्यंत त्याला प्रश्न विचारत राहिले. त्या बहुसंख्यांना पटवणारा पुरावा कसा सापडला ते ऐका. 1964 साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना त्यांच्या अँटेनात एक खरखर ऐकू यायला लागली. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं. ते काढलं, विष्ठा साफ केली, तरी खरखर जाईना. रात्री, दिवसा, कोणत्याही दिशेला तीच. ती विश्वाच्या बालपणातली उष्णता होती, सूक्ष्मलहरींच्या रूपात उरलेली. 1978 साली दोघांना नोबेल मिळालं. ज्याला महास्फोट म्हणतात त्याचा पुरावा एका बारीक खरखरीत होता, आणि तो सापडला तो "ही कसली खरखर?" हा प्रश्न न सोडणाऱ्यांना.

आता जमिनीवर येतो. 30 सप्टेंबर 1993. इथं बसलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ती पहाट आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लोक दमून झोपलेले. तीन वाजून छपन्न मिनिटांनी जमीन घुमली आणि किल्लारी, सास्तूर या पट्ट्यातली गावं बसली. भूकंपाची तीव्रता 6.2 होती. जगाच्या मानानं फार मोठी नव्हे. मग हजारो माणसं का गेली? भूकंपानं माणूस क्वचितच मरतो, भिंतीनं मरतो. तिथली घरं आपल्यासारखीच. ओबडधोबड दगड मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि दर पावसाळ्याआधी वर मातीचा नवा थर. बापानं घातला, मुलानं घातला, नातवानं घातला. ते सगळं ओझं त्या पहाटे खाली आलं. आधी कळलं नसतं का? 1992 च्या अखेरीपासून त्या भागात लहान लहान धक्के बसत होते, जमिनीखालून आवाज येत होते. लोक सांगत होते. त्या सांगण्यावरून भिंती बदलल्या गेल्या नाहीत.

भिंत म्हटलं की मंगळवेढ्याच्या माणसानं थांबायला हवं. शके 1260, वैशाख वद्य पंचमी. इसवी सन 1338. या गावाचं गावकूस दुरुस्त करायचं काम चाललं होतं आणि ते कोसळलं. त्याखाली बरेच मजूर गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते.

मी पुन्हा एकदा सांगतो, कारण आपण हे वाक्य फार सहज म्हणून जातो. गावकूस कुणाच्या रक्षणासाठी होतं? गावात राहणाऱ्यांच्या. चोखोबा कुठं राहत होते? गावकुसाबाहेर. ज्या भिंतीच्या आत ज्यांना घर बांधायची मुभा नव्हती, ती भिंत उभी करायला त्यांनाच बोलावलं होतं, आणि ती पडली ती त्यांच्याच अंगावर. गावची दवंडी द्यायची, सांगावे पोचवायचे, वेस राखायची, मेलेली जनावरं ओढायची, ही सगळी कामं त्यांच्या माथी. गावाचा मोठा आवाज त्यांच्या तोंडून निघायचा, पण त्यांच्या स्वतःच्या हाकेला गावाचा कान नव्हता. पंढरपुरात विठ्ठलाच्या दारात उभं राहायचं, आत जायचं नाही. आणि तरीही त्या एका घरानं मराठीला केवढं दिलं! चोखोबा, त्यांच्या पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. सगळ्यांनी अभंग रचले.

ते गावकूस पडलं तेव्हा आवाज किती मोठा झाला असेल? कुणी लिहून ठेवलेला नाही. त्या ढिगाऱ्यातल्या इतर मजुरांची नावंही नाहीत. परंपरा सांगते ती पुढची गोष्ट. नामदेव पंढरपुराहून इथं आले. ढिगातली हाडं निघाली होती, पण चोखोबांची कोणती ते कळेना. नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी लावलं. ज्यातून विठ्ठल नाम ऐकू आलं ते बाजूला ठेवलं. त्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आज नामदेव पायरीशी जाणारा प्रत्येक वारकरी तिथं वाकतो. या कथेवर ज्याची जशी श्रद्धा असेल तसा त्यानं अर्थ घ्यावा. मला त्यात दिसतं ते असं, की अख्ख्या मंगळवेढ्यानं भिंतीचा आवाज ऐकला आणि भिंतीखालच्या माणसाला ऐकायला बाहेरगावाहून एक शिंपी आला.

गावची ती कामं महारांच्या माथी मारणारं वतन कायद्यानं जायला भिंत पडल्यावर किती काळ गेला? डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. ती वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 साली. चोखोबांच्या मृत्यूनंतर 620 वर्षांनी. बाबासाहेबांनी 1948 च्या आपल्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका ज्या तीन संतांच्या नावे केली, त्यांत नंदनार आणि रविदासांच्या जोडीला चोखामेळा आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनो, 1338, 1928, 1948, 1958 हे चार सन आता वेगवेगळे पाठ करू नका. एका भिंतीनं बांधलेले आहेत ते.

शेवटचा शब्द दणदणाट. वर सांगितलेला प्रत्येक आवाज काहीतरी सांगत होता. आज आपल्या मिरवणुकांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. हो, त्यांनाही आपण भिंतीच म्हणतो. "कसला आवाज झाला?" असं विचारलं तर त्याला उत्तर नसतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आहे. आपल्या प्रत्येक कानात सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात, जन्माला येताना मिळालेल्या, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणुकीत भिंतीपुढे नाचणारा सोळा वर्षांचा मुलगा तिथं तीन-चार तास असतो. त्याच्या कानात दुसऱ्या दिवशी जी शिट्टी वाजते, ती गंमत नाही, ती जखम आहे. आणि माडीवरच्या खोलीतलं हृदयविकाराचं म्हातारं माणूस, बाळंतीण, उद्या पेपर असलेली मुलगी, यांना तर कुणी विचारलेलंही नसतं.

आवाजाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री म्हणजे दहा ते सकाळी सहा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिसरा प्रश्न, आधी कळलं नसतं का, इथं विचारायची सोय नाही, कारण आपल्याला आधीच कळलेलं आहे.

म्हणून मंगळवेढेकरांना माझी विनंती आहे. संतांचं गाव म्हणून आपण मिरवतो. चोखोबा, कान्होपात्रा, दामाजीपंत यांची नावं चौकांना, शाळांना देतो. येत्या गणेशोत्सवात प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मिरवणुकीच्या वाटेवरची रुग्णालयं आणि आजारी माणसांची घरं आधी फिरून यावीत, त्यांची यादी करावी, आणि त्या शंभर मीटरमध्ये आवाज पूर्ण बंद ठेवावा. झांज, लेझीम, हलगी आपल्याकडे आहेतच, उरलेल्या वाटेवर ती वाजवा. एखाद्या मंडळानं ऐकलं नाही, तर शेजाऱ्यानं गप्प न बसता 112 वर फोन करावा. आणि ज्यांनी 1993 ची ती पहाट अनुभवली आहे, त्या वडीलधाऱ्यांना माझं सांगणं, की या सभागृहातल्या मुलांना घरी बोलावून ती सांगा. मुलांनो, तुम्ही ती तारखेनिशी, नावांनिशी लिहून घ्या आणि इथल्या वाचनालयात जमा करा.